चाकाखालचा दगड

"दगड उचललास ना, मग त्याच्या जागी चिमूटभर दाणे टाक. जमिनीचं फुकट घेऊ नये, सुभद्रे. आणि मुक्काम हलवशील तेव्हा ज्या जागचा दगड त्या जागी ठेवून नीघ."

कौशल्याबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण नव्या जागी चूल मांडायला बसलं की सासूबाईंचा हा आवाज सुभद्राबाईंच्या कानाशी हमखास यायचा. कौशल्याबाईंचा अवघा जन्म बैलगाडीत गेला. त्यांचे मालक गावोगाव विहिरी खोदत फिरायचे. मालकांमागे गाडी, गाडीमागे शेळी आणि शेळीमागे धावणारे लहानगे उद्धवराव. आता उद्धवराव स्वतः विहिरींना बोअर मारायची कामं घेत. बैलगाडी जाऊन जीप आली होती, आणि जीपला जोडलेला, देहूरोडच्या लष्करी लिलावात घेतलेला दोन चाकांचा ट्रेलर. उद्धवरावांच्या जोडीनं काम करणाऱ्या चांदभाई मिस्त्रीनं त्यावर पत्र्याचं छप्पर ठोकलं, एका अंगाला खिडकी पाडली, आत निजायला फळ्यांचा माचा केला आणि देवांसाठी कोपऱ्यात एक फळी मारली.

"वहिनी, तुमच्या देवाला चाकांवरचा बंगला," तो म्हणाला होता. "आता देव कंटाळला तर गाव बदलायचं, घर नाही."

एरवी जिथं काम तिथं मुक्काम. पण आषाढ लागला की सुभद्राबाईंना चार महिने एक जागा हवी असे. चातुर्मासाचा त्यांचा नेम असे. या वर्षी त्यांनी धरलं होतं, की रोज एका लेकराच्या मुखी घास घालायचा आणि मगच आपण जेवायचं. लग्नाला पुष्कळ दिवस झाले होते आणि माच्यावर तिसरं माणूस आलेलं नव्हतं. नेम कशासाठी, हे कुणी विचारत नसे. त्याही सांगत नसत. त्यांचा आवाजच मुळी असा, की शेजारी बसलेल्यानं कान द्यावा तेव्हा ऐकू यावा.

तर जागा बघणं सुरू झालं. पिंपरी कॅम्पात दुकानांच्या पाठीमागे एक शेटजी मोकळी जागा भाड्यानं द्यायला तयार होते, महिना पंधरा रुपये. नळ जवळ, किराणा दारात, आणि लेकरं तर इतकी की घासाला रांग लागावी. पण आंघोळीला आडोसा नाही, माश्यांचा सुकाळ, आणि ट्रेलरच्या खिडकीतून हात काढला तर शेजाऱ्याच्या ताटात पडेल इतकी दाटी. देहूरोडला एका सुभेदाराच्या ओळखीनं जागा फुकट मिळत होती. अंगण सारवल्यासारखी स्वच्छ. पण पहाऱ्यावरचा शिपाई येता-जाता हटकायचा, आणि धूर दिसला की धावत यायचा.

"चूल पेटवायची तर अर्ज करा म्हणाला," उद्धवराव वैतागून सांगत होते. "एकादशीला केला तर द्वादशीला भाकरी!"

उरली रहाटणी. गावाबाहेर ओढ्याच्या काठाला आंब्याची झाडं, पाणी हाताशी, भाडं काहीच नाही. जमिनीची देखभाल करणारे सोपानराव भले गृहस्थ होते. म्हणाले, "उतरा की आंब्याखाली. पाव्हन्याकडनं भाडं कसलं घ्यायचं?"

परत जीपमध्ये बसताना चांदभाईनं मान हलवली. "भाऊ, फुकटच्या जमिनीवर एक तर सरकार असतं, नाहीतर भूत."

"सरकार देहूरोडला बघितलं," उद्धवराव हसले. "आता भूत बघू. तेवढंच राहिलंय."

सुभद्राबाई पदराआड हसल्या होत्या. पुढं त्यांना ते हसू आठवायचं आणि अंगावर काटा यायचा.

आंब्याखाली एकच रात्र निघाली. मुळांमुळं ट्रेलर एका अंगाला कलला, भांडी गडगडत दाराशी आली, आणि पाऊस थांबल्यावरही झाड पहाटेपर्यंत छपरावर टपटपत राहिलं. सकाळी उद्धवराव ओढ्याच्या अंगाला चालत गेले आणि खुशीत परतले. थोडं पलीकडं मऊ मातीचा, सपाट, मोकळा तुकडा होता. वाळक्या बाभळीच्या फांद्यांचे भारे पडलेले, आणि इथं तिथं चपटे, बसके दगड.

"अगं, सरपण आयतं, दगड आयते. जणू कुणी चूल मांडायलाच ठेवलेत!"

सोपानराव महिनाभरासाठी परगावी गेले होते. विचारायचं कुणाला? आणि विचारायचं तरी काय, पंचवीस पावलं इकडं की तिकडं?

जीपनं ट्रेलर तिथं नेला. जोड सोडवली तेव्हा मात्र तो ओल्या मातीवरून मागं घसरायला लागला. एका चाकाला लावायचा ओंडका जीपमध्ये होता, दुसऱ्याला काहीच नव्हतं. "या अल्ला!" म्हणत चांदभाईनं ट्रेलरच्या पोटाखाली हात घालून तिथला एक दगड उपसला आणि चाकाखाली सारला. ट्रेलर थांबला. सगळ्यांनी श्वास सोडला. मग सुभद्राबाईंनी चुलीसाठी तीन दगड निवडले, आणि प्रत्येक दगड उचलला तशी त्या खळग्यात चिमूट चिमूट मेथी टाकली. चाकाखालच्या दगडाचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

जागा खरोखर सुखाची होती. ओढ्याचं पाणी गोड, वारा मोकळा, आडोसा भरपूर. एकच उणं होतं. तिकडं लेकरं येत नसत.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, पाऊस आहे म्हणून. मग वाटलं, परकी माणसं म्हणून बुजत असतील. त्या घास घेऊन गावच्या वाटेवर जाऊन उभ्या राहू लागल्या. गावची पोरं वाटेवर खेळत असायची, त्यांना पाहून हसायचीही. पण त्यांनी आंब्याकडं हात करून "या हं घराकडं" म्हटलं की पोरं एकमेकांकडं बघायची आणि पांगायची. एकदा एका बाईनं आपल्या मुलीला दंडाला धरून मागं ओढलं. सुभद्राबाईंना ते फार लागलं. वांझेच्या हातचं नको असेल, असं मनाशी म्हणून त्या गाडीवाटेला गेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीतल्या एखाद्या पोराच्या हातावर घास ठेवून परत आल्या. असं रोज चाललं.

दिव्याची अवस आली. त्यांनी सकाळी समई, निरांजनं घासून लखलखीत केली, पाटावर मांडून पुजली. बाभळीच्या वाळक्या काड्यांवर पाणी उकळून कणकेचे गोड दिवे उकडले. आज लेकरांना दिव्यांनी ओवाळायचं. पण पावसानं दिवसभर झोडपलं, वाटेवर एक गाडी फिरकली नाही. उद्धवराव आणि चांदभाई चाकणच्या बाजूला कामावर गेले होते. ताट तसंच झाकून, सुभद्राबाई उपाशीच दारात बसून राहिल्या.

दिवस कलताना पाऊस उघडला. ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी येत होतं. डोक्यावर पोत्याची खोळ, पदराखाली काहीतरी जपून धरलेलं. पदराखालून उजेड हलत होता. दिवा होता तो.

सुभद्राबाईंना इतका आनंद झाला! त्या उठून पुढं झाल्या. "या, या. अवसेचा दिवा घेऊन आलात?"

बाई जागच्या जागी थिजली. तिनं ट्रेलर पाहिला. मग चूल पाहिली. मग जमिनीवरून तिची नजर फिरली, काहीतरी शोधत, भराभर, इकडून तिकडं.

"काटं कुठायत?" ती म्हणाली.

"काटे?"

"बाभळीचं काटं! हितं टाकल्यालं. कुठायत?"

"ते... सरपणाला घेतले मी. वाळलेले होते म्हणून..."

"जाळलं?" बाईचा आवाज चिरला. "बाई, तुमी काटं जाळलं? आन् दगूड? ह्ये चुलीला दगूड कुठलं लावलं तुमी?"

सुभद्राबाईंना काही कळेना.

"अहो, काय झालं? हे दगड कुणाचे आहेत का?"

"कुनाचं म्हंजी?" बाई मटकन चिखलात बसली. दिवा तेवढा तिनं सांडू दिला नाही. "लेकरांचं हायती. दात न्हाई आल्यालं लेकरू जाळीत न्हाईत बाई, पुरत्यात. गावाची समदी बारकी लेकरं हितं हायती. कोल्ह्यानं उकरू न्हाई म्हून वर दगूड ठिवत्यात, दगडावर काटं टाकत्यात. आन् तुमी... तुमी त्येच्यावर भाकरी भाजली?"

सुभद्राबाईंनी चुलीकडं पाहिलं. तीन दगड, आतल्या अंगानं काळेभोर. वर सकाळचं पातेलं अजून तसंच होतं. ज्यात त्यांनी लेकरांसाठी दिवे उकडले होते.

हात तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला. लेकरासाठी नेम, आणि लेकराच्याच अंगावरचा दगड चुलीला! रोजचा घास याच चुलीवरचा. गाडीवाल्यांच्या ज्या ज्या पोरांच्या हातावर तो ठेवला, ती एकेक त्यांच्या डोळ्यांपुढं आली. पोरं का पांगत होती, आई लेकीला का ओढत होती, सगळं एकदम उलगडलं. उलगडलं ते आंधळ्याला डोळे आल्यासारखं नव्हे. डोळ्यांत तापलेली सळई गेल्यासारखं.

"माजा ज्योतीराम," बाई म्हणत होती. "रांगाया लागला व्हता. त्येचा दगूड मी वळकते. पांढरी शीर हाय मधनं. ह्या तिन्हीत न्हाई त्यो. कुठाय? बाई, बोला की! कुठाय माजा दगूड?"

सुभद्राबाईंनी चाकाकडं बोट दाखवलं.

चाकाखाली, चिखलानं माखलेला, अर्धा दाबलेला दगड. बाईनं पदरानं तो पुसला. पांढरी शीर उमटली. तिनं दगडाला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि अशी हंबरली, की झाडावरचे बगळे उडाले.

त्याच वेळी जीपचा आवाज आला.

उद्धवरावांनी उतरता उतरता हाक मारली, "काय गं, आज पाहुण्या?" आणि मग दोघींचे चेहरे पाहून ते थांबले. सुभद्राबाईंनी सांगितलं. आवाज इतका लहान, की त्यांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर उद्धवराव जीपच्या पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. चांदभाईनं पायांतल्या वहाणा काढल्या. चिखलात अनवाणी उभा राहून तो आपल्याच हातांकडं बघत होता.

"मी उचलला," तो म्हणाला. "वहिनी, मीच. कबरीचा दगड मी चाकाखाली दिला. तोबा, तोबा. माझी आजी म्हणायची, कबरीवरून सावलीसुद्धा जपून न्यावी."

"कुठनं उचलला?" बाई उठली. तिचं नाव अंबूबाई, हे तिनं तेव्हा सांगितलं. "जागा दाव मला. बाभळीचा भारा गेला, खूण गेली. माजं लेकरू मला कुठं गावायचं आता?"

चांदभाईनं ट्रेलरकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "पोटाखालून," तो पुटपुटला. "ट्रेलरच्या पोटाखालून उपसला मी."

चांदभाईनं जीप लावली, जोड बसवली, आणि ट्रेलर हळूहळू पुढं सरकवला. खालची जमीन उघडी झाली. इतक्या पावसातही तो चौकोन कोरडा होता; आणि कोरड्या मातीत, माच्याच्या बरोबर खाली, एक उथळ खळगा. दगडाच्याच आकाराचा.

सुभद्राबाई माच्यावर खिडकीच्या अंगाला निजत. हे त्यांच्या लक्षात आलं. त्या खाली वाकल्या आणि अंबूबाईच्या पायांना हात लावायला गेल्या. अंबूबाईनं पाय मागं घेतले.

"माज्या लेकरावर निजत व्हता तुमी," ती म्हणाली.

"हो."

"रोज?"

"हो."

अंबूबाई खळग्याशी बसली. कोरड्या मातीवरून तिनं तळवा फिरवला, पुन्हा पुन्हा. सगळे तिच्या पुढच्या शब्दाची वाट बघत होते, शाप येईल म्हणून. पण ती जे बोलली ते कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"मागल्या साली लई पाऊस झाला," ती म्हणाली. "रातभर डोळ्याला डोळा न्हवता माज्या. भिजत असंल म्हून." तळवा तसाच मातीवर ठेवून ती म्हणाली, "औंदा भिजला न्हाई म्हनायचा."

त्यावर मात्र सुभद्राबाईंना रडू फुटलं. उद्धवरावांनी तोंड फिरवलं.

दगड चांदभाईनं आणि अंबूबाईनं मिळून खळग्यात बसवला. अंबूबाईनं त्याच्यापुढं दिवा ठेवला, हलकेच ओवाळला. मग सुभद्राबाईंनी चूल मोडली. एकेक दगड ओढ्यावर नेऊन राखेनं, वाळूनं घासला. माती गेली, काजळी गेली नाही. पण दगड कुठले, हे त्यांना शोधावं लागलं नाही. जिथून उचलले तिथं मेथी हिरवीगार वर आली होती, तीन ठिकाणी तीन पुंजके. सासूबाईंचा आवाज कानात होता. कोंब बाजूला सारून त्यांनी ज्याच्या त्याच्या जागी दगड ठेवले. काळी बाजू खाली करता येत होती. हात क्षणभर तसा वळलाही. मग त्यांनी ती वरच ठेवली.

"एक पयल्या वळनावरच्या मंजुळाबाईच्या लेकीचा हाय," अंबूबाई म्हणाली. "बाकीचं मला ठावं न्हाई. सांगाया पायजे त्यांना."

"तुम्ही सांगाल?"

"मी?" अंबूबाईनं घाबरून मागं गावाकडं पाहिलं. "आईनं यायचं नसतं हितं. पुरून आलं की मागं बघायचं नसतं. मी आले ह्ये कळलं तर सासू मला उंबऱ्यात घ्यायची न्हाई. माजं नाव बी काढू नगा. पर त्या आयांना कळाया पायजे बाई. चुलीला लागल्याला दगूड... कुनी कायतरी करत असंल त्येला. दूध, पानी, कायतरी. मला ठावं न्हाई. तुमी सांगा."

"मी सांगते," सुभद्राबाई म्हणाल्या. "घरोघर जाऊन. तुमचं नाव निघणार नाही."

"वचन?"

"वचन."

अंबूबाई आली तशी ओढ्याच्या बाजूनं निघून गेली. ट्रेलर जीपनं परत आंब्याखाली नेला. त्या रात्री तो कितीही कलला तरी कुणी कुरकुर केली नाही. भांडी गडगडली, कुणी उचलली नाहीत.

फटफटलं तसे उद्धवराव उठले आणि सामान बांधायला लागले.

"पिंपरीला शेटजीकडं जाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पंधरा तर पंधरा. माश्या तर माश्या. गाव उठायच्या आत निघू."

"मी गावात जाऊन येते."

"वेडी झालीस?" त्यांनी दोरी खाली टाकली. "अगं, हे गाव आहे. दगडाचा हिशेब दगडानंच करतील. आपण ठेवले ना परत? पाया पडलो ना? देवाला कळलं. माणसांना कळवायची काय गरज आहे?"

"देवाचं देवाशी. वचन बाईला दिलंय."

"आणि तू बोलणार कशी? तुझा आवाज मला ऐकू येत नाही, या गावाला येणार आहे?"

ही भीती त्यांचीही होती. रात्रभर त्यांनी पहिलं वाक्य जुळवायचा प्रयत्न केला होता. प्रत्येक वाक्य 'बाई, तुमचं लेकरू' इथपर्यंत यायचं आणि तिथंच तुटायचं.

उद्धवराव जीपमध्ये जाऊन बसले. चांदभाईनं इंजिन चालू केलं. सुभद्राबाई ओढ्यावर आंघोळ करून आल्या, देवांना पाणी दाखवलं. आजपासून श्रावण. आदल्या दिवसाचे दिवे ताटात तसेच होते. ते त्यांनी ओढ्यात सोडले. मग ट्रेलरच्या दाराशी उभं राहून पदर सारखा केला. हातात ताट नव्हतं, घास नव्हता.

"वहिनी, येऊ का सोबत?" चांदभाईनं विचारलं. "दगड मी उचलला होता."

"नको, भाऊ. बायकांशी बोलायचंय."

त्यांनी उद्धवरावांकडं पाहिलं नाही. पण मागं जीपचं इंजिन बंद झालेलं त्यांना ऐकू आलं. दोरी सोडल्याचा आवाज आला, आणि सामान पुन्हा खाली ठेवल्याचा.

वाटेवर पोरं अजून आली नव्हती. गावाच्या पहिल्या वळणाला मंजुळाबाईचं घर होतं. परसातून सकाळच्या चुलीचा धूर वर चढत होता. सुभद्राबाई त्या धुराच्या रोखानं, चिखल टाळत, हळूहळू चालू लागल्या.